अंघोळीचं पाणी परसात सोडायचं, तर ‘सुपरबग’चं काय?

बेळगावात एप्रिल सरत आला की कट्ट्यावरच्या गप्पांचा विषय ठरलेला असतो. राकसकोपची पातळी किती उतरली, हिडकलचं पाणी पुरेल का, आणि आपल्या गल्लीत नळ किती दिवसांनी आला. चोवीस तास पाण्याची योजना २००८ साली शहरातल्या काही वॉर्डांपुरती सुरू झाली, त्या वॉर्डांतले लोक या गप्पांत गप्प बसतात. बाकीच्यांच्या घरी बॅरल, कळशा, घागरी सगळं भरून ठेवायची धांदल. अशा दिवसांत अंघोळीचं आणि धुण्याचं पाणी गटारात जाताना बघून जीव हळहळतो आणि ते परसातल्या केळीला, नारळाला वळवलं जातं. पंचायतही तेच सांगते, पाणी वाचवा, सांडपाणी घरच्या घरी जिरवा.

त्याच वेळी फोनवर दुसरंच काही येत असतं. सांडपाण्यात ‘सुपरबग’ नावाचे जंतू वाढतात, कुठल्याही औषधाला ते दाद देत नाहीत, घरात सांडपाणी वापरणं म्हणजे रोगाला आमंत्रण. सुपरबगची भीती खोटी नाही आणि पाणी वाचवण्याचा सल्लाही चुकीचा नाही. मग करायचं काय?

माझं उत्तर असं: पाणी जरूर वापरा. पण ताजं असताना वापरा, थेट मातीत सोडा, आणि त्यात काय मिसळू द्यायचं नाही हे आधी ठरवा. यातल्या शेवटच्या गोष्टीकडे लोकांचं सगळ्यात कमी लक्ष असतं, आणि खरी गोम तिथेच आहे.

आपण नक्की कोणत्या पाण्याबद्दल बोलतोय?

न्हाणीतलं, बेसिनचं, कपड्यांचं आणि भांड्यांचं जे पाणी वाहून जातं त्याला ग्रेवॉटर म्हणतात. आपण साधं सांडपाणी म्हणू. संडासचं पाणी यात येत नाही. त्यात मैला असतो आणि त्याची वाट कायम वेगळी ठेवायची. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणीही यात धरू नका. त्यात क्षार जास्त असतात, पण जंतूंच्या दृष्टीनं फारशी चिंता नाही. फरशी पुसायला किंवा संडासात ओतायला ते खुशाल वापरा.

हे पाणी थोडंथोडकं नसतं. जलजीवन मिशननं खेड्यातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे. पाच माणसांच्या घराला झाले २७५ लिटर. त्यातलं दोन-तृतीयांश तरी सांडपाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे रोजचं पावणेदोनशे-एकशेऐंशी लिटर. एवढ्या पाण्यावर उन्हाळ्यात परसातली पाच-सहा झाडं आरामात तगतात.

गोळीला न जुमानणारा जंतू म्हणजे काय?

“सर्दी हटेना झाल्या, जरा पॉवरची गोळी द्या की ओ.” मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. ही ‘पॉवरची गोळी’ म्हणजे बहुतेक वेळा अँटिबायोटिक. ते फक्त जिवाणूंवर चालतं. सर्दी होते विषाणूंमुळे, म्हणजे तिथे ही गोळी पूर्ण वाया जाते. पण पोटात गेलेली गोळी गप्प बसत नाही. आतड्यात आपले नेहमीचे, निरुपद्रवी असे कोट्यवधी जिवाणू असतात. त्यातले कच्चे मरतात. एखाद्याकडे गोळीला तोंड द्यायची काही युक्ती असेल तर तो उरतो आणि रिकाम्या झालेल्या जागेत त्याचीच पिलावळ वाढते. या तोंड देण्याला शास्त्रज्ञ अँटिमायक्रोबियल रेझिस्टन्स म्हणतात. इथून पुढे आपण त्याला प्रतिरोध म्हणू.

युक्त्या अनेक आहेत. काही जिवाणू औषध तोडून टाकणारं रसायन तयार करतात, काही आत आलेलं औषध पंपानं उपसून बाहेर फेकतात, तर काही औषध ज्या जागी चिकटतं ती जागाच बदलून टाकतात. हे होणार याची कल्पना पहिल्यापासून होती. १९२८ साली पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच सांगितलं होतं की अपुऱ्या मात्रेत औषध घेणारा माणूस जंतूंना ते पचवायला शिकवेल. २०१९ या एका वर्षात जगात प्रतिरोधी जिवाणूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसं दगावली असा अंदाज आहे.

जिवाणूंना ही युक्ती फक्त आपल्या पिलावळीला देता आली असती तर प्रकरण इतकं हाताबाहेर गेलं नसतं. पण यळ्ळूरच्या एखाद्या शेतकऱ्याला भाताचं चांगलं बी मिळालं की तो ते फक्त आपल्या पोराला देतो का? बांधापलीकडच्या शेजाऱ्यालाही ओंजळभर देतो, शेजारी त्याच्या पाहुण्याला देतो, आणि दोन-तीन हंगामांत ते बी दहा गावांत पोचतं. जिवाणूंचंही तसंच चालतं. प्रतिरोधाचं जनुक बहुतेकदा डीएनएच्या एका लहानशा सुट्या वेटोळ्यावर असतं. त्याला प्लाझ्मिड म्हणतात. एक जिवाणू दुसऱ्याला चिकटतो आणि या वेटोळ्याची नक्कल त्याच्या हवाली करतो. दोघं एका जातीचे असले पाहिजेत असंही नाही. आतड्यातला निरुपद्रवी जिवाणू हे बी रोग आणणाऱ्या जिवाणूला देऊ शकतो.

म्हणून सांडपाण्याचा प्रश्न येतो. “यात रोगाचे जंतू आहेत का?” एवढं विचारून भागत नाही. या पाण्यात जंतू एकमेकांना किती वेळ आणि किती जवळून भेटतात, हेही बघावं लागतं.

मोरीच्या पाण्यात हे येतात कुठून?

अंगावरून, कपड्यांवरून आणि स्वयंपाकघरातून. साबणानं अंग घासलं की जंतू मरतात असा समज आहे. साधा साबण मुख्यतः मळ आणि जंतू सुटे करून पाण्याबरोबर वाहून नेतो. अंग स्वच्छ होतं ते त्यामुळेच, पण सुटलेले जंतू पाण्यात जातात. तरीही संडासच्या पाण्याशी याची तुलनाच होत नाही. माणूस दिवसाला शंभर-दोनशे ग्रॅम मैला टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली सांडपाण्याच्या वापराबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात अंघोळ-धुण्याच्या पाण्यात उतरणारा मैल्याचा अंश माणसामागे दिवसाला ०.०४ ग्रॅम इतकाच धरला आहे. निरोगी घरातल्या अंघोळीच्या पाण्याला घाबरायचं कारण नाही, असं मी म्हणतो ते यामुळे.

पण निरोगी घराची ही गोष्ट काही कामांमुळे एका मिनिटात बदलते.

बाळाची दुपटी, लंगोट. मोरीत मळकं दुपटं पिळलं की ते पाणी संडासच्याच पाण्यात धरायचं. पहिलं पाणी संडासात ओता, नंतरचं खळबळण्याचं पाणी इकडे आलं तर चालेल.

नुकतंच दवाखान्यातून घरी आलेलं माणूस. लघवीची नळी असेल, पाठीला झोपून झालेली जखम असेल, सलाइनमधून मोठी अँटिबायोटिकं दिलेली असतील, तर त्यांच्या अंगावरचे आणि आतड्यातले जंतू गोळीला सरावलेले असण्याची शक्यता बरीच जास्त. अशा माणसाला अंघोळ घातलेलं पाणी आणि त्यांच्या चादरी धुतलेलं पाणी काही आठवडे तरी परसात नको.

रविवारचं चिकन. कच्चं चिकन धुतलेलं पाणी केळीला चांगलं, त्यात ‘खत’ असतं, असं अनेक घरी मानतात. कोंबड्यांना वाढवताना अँटिबायोटिकं दिली जातात आणि कच्च्या मांसावर प्रतिरोधी जिवाणू असू शकतात. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध. ते कोंबड्यांच्या खाद्यात वापरलं जायचं, म्हणून २०१९ साली केंद्र सरकारला खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी घालावी लागली. खरं तर चिकन धुवायची गरजच नसते, नीट शिजलं की सगळे जंतू मरतात. धुतल्याशिवाय मनाला बरं वाटत नसेल तर धुवा, पण ते पाणी परसात सोडू नका आणि त्याचे शिंतोडे ओट्यावर उडू देऊ नका.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, गोठा. कडोली, उचगाव, नंदगड, कुठेही जा. गोठा धुतलेलं पाणी आणि न्हाणीचं पाणी घरामागे एकाच पाटात मिळालेलं दिसतं. म्हशीला कासदाह झाला की सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात, वर इंजेक्शन देतात. जनावराला दिलेल्या औषधाचा बराच भाग न बदलता शेणा-मुतातून बाहेर पडतो. म्हणजे पाटात शेण, शेणातले अब्जावधी जिवाणू आणि वर पातळ झालेलं औषध, तिन्ही एकत्र. औषध इतकं पातळ असतं की जंतू मारायला पुरत नाही, पण कच्च्या-पक्क्यांची निवड व्हायला तेवढंच बस्स होतं. घरची अंघोळ कितीही स्वच्छ असू द्या, या पाटात पडली की तिचा उपयोग संपला. गोठ्याचं पाणी उकिरड्याकडे किंवा गोबरगॅसकडे वळवा, न्हाणीचं वेगळं काढा. ट्यूब सोडल्यावर डॉक्टर जेवढे दिवस दूध डेअरीला घालू नका म्हणतात, तेवढ्या दिवसांचं दूधही मोरीत ओतायचं नाही.

उरलेलं अँटिबायोटिकचं सिरप मोरीत ओतून बाटली धुऊन ठेवणाऱ्यांनाही हेच सांगणं. मुदत संपलेलं औषध घरगुती घातक कचऱ्यात मोडतं. ते वेगळं बांधून कचरागाडीला द्यायचं.

सकाळची बादली संध्याकाळी का वास मारते?

कपड्यांचं दुसरं पाणी सकाळी आठला बादलीत धरलं, “संध्याकाळी ऊन उतरलं की झाडांना घालू” म्हणून ठेवून दिलं. पाचला झाकण काढलं तर आंबूस वास, वर पातळ साय, आणि कडेला बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतं. नऊ तासांत हे काय झालं?

पाण्यात कातडीचा मळ, स्टार्च, तेल, साबण होतंच. म्हणजे जिवाणूंना खायला भरपूर, वर मे महिन्याचा उष्मा. आतड्यातला ई-कोलाय हा जिवाणू अगदी अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्या वेगानं एका जिवाणूचे दहा तासांत शंभर कोटींहून जास्त झाले असते. बादलीत तो वेग मिळत नाही, पण दिशा तीच. आणि ती बुळबुळ म्हणजे जिवाणूंनी स्वतःभोवती केलेलं चिकट आवरण, बायोफिल्म. त्यात ते एकमेकांना अगदी खेटून बसलेले असतात. बी वाटायला याहून सोयीचा बांध कुठला? न्हाणीच्या पाइपचं तोंड, वॉशिंग मशीनची जाळी, सांडपाण्याच्या टाकीचा तळ, सगळीकडे हा थर असतो.

म्हणून जगभर नियम जवळपास सारखा आहे, सांडपाणी २४ तासांपेक्षा जास्त साठवायचं नाही. आपल्या हवेत मी तर म्हणेन, साठवायचंच नाही. न्हाणीतून पाइप निघाला की थेट झाडाच्या आळ्यात. मध्ये टाकी, पंप, फिल्टर असलं काही जितकं कमी तितकं बरं. हजारो रुपयांची ‘ग्रेवॉटर युनिट’ विकायला माणूस दारात आला तर आधी विचारा: यात पाणी किती तास थांबतं, आणि आतला थर कोण साफ करणार?

“त्यात थोडं फिनेल ओतलं की झालं!”

अनेकांना हा उपाय सगळ्यात हुशारीचा वाटतो, पण माझ्या मते यातच नुकसान जास्त आहे. तेल आणि मळ असलेल्या पाण्यात फिनेल किंवा ब्लीचिंग पावडर टाकली की तिची बरीचशी ताकद त्या मळावरच खर्च होते आणि जंतूंपर्यंत पोचते ती अर्धवट मात्रा. अर्धवट मात्रेनं काय होतं ते फ्लेमिंगनी सांगून ठेवलंच आहे. फरशीच्या अनेक जंतुनाशकांत जी रसायनं असतात त्यांना बाहेर फेकणाऱ्या पंपांची जनुकं बऱ्याचदा अँटिबायोटिक-प्रतिरोधाच्या जनुकांना जोडूनच बसलेली असतात. म्हणजे फिनेलला सरावलेला जिवाणू उरला की गोळीला सरावलेलाही त्याच्याबरोबर उरतो. वर हेच पाणी मातीत गेलं की तिथले उपयोगी जिवाणूही मारतं, आणि पुढे बघू की आपली सगळी मदार त्यांच्यावर आहे.

‘जंतुनाशक’ साबणांचंही तेच. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ साली ट्रायक्लोसान आणि तसल्या एकूण १९ रसायनांचे हात-अंग धुण्याचे साबण बाजारातून काढायला लावले. ते साध्या साबण-पाण्यापेक्षा सरस आहेत आणि रोज वापरायला सुरक्षित आहेत, हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. परसात पाणी सोडायचं असेल तर घरात साधा साबणच आणा. स्वस्तही पडतो.

आणि एक गोष्ट ध्यानात असू द्या. प्रतिरोधी जंतू गोळीला दाद देत नसला तरी उकळत्या पाण्याला, कडक उन्हाला आणि साबणानं हात चोळण्याला इतर जंतूंसारखाच शरण जातो. त्याच्या अंगी नवी शक्ती आलेली नसते, त्याला फक्त काही औषधांचं उत्तर सापडलेलं असतं.

मातीत गेल्यावर काय होतं?

प्रतिरोध हा मातीला नवा नाही. आपली कितीतरी अँटिबायोटिकं मुळात मातीतल्या जीवांकडूनच मिळाली. क्षयावरचं पहिलं प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली मातीतल्या एका जिवाणूपासून निघालं. जिथे औषध तिथे त्यावरचा तोडही असतोच. कॅनडाच्या उत्तरेला गोठलेल्या जमिनीतल्या ३० हजार वर्षांपूर्वीच्या डीएनएत प्रतिरोधाची जनुकं सापडल्याचं २०११ साली जाहीर झालं. तेव्हा कुठलं मेडिकल दुकान होतं!

अंघोळीच्या पाण्यातून आलेले जिवाणू मातीत पाहुणे असतात. तिथे त्यांना अंगाची ऊब मिळत नाही आणि खायला स्थानिकांशी झगडावं लागतं. शिवाय जिवाणू खाणारे सूक्ष्म जीव टपलेले असतात आणि वरचा थर उन्हानं सुकतो. प्रतिरोधाचं जनुक बाळगायलाही बहुतेक वेळा किंमत मोजावी लागते. औषधाचा मारा नसेल तर असा जिवाणू इतरांपेक्षा मागे पडतो. थोडं पाणी, मोकळी माती आणि मध्ये सुकायला उसंत, एवढं मिळालं तर माती आपलं काम चोख करते.

चूक होते ती एकाच केळीच्या बुंध्यात रोज पावणेदोनशे लिटर ओतण्यात. माती सुकतच नाही, हवा आत जात नाही, काळा वास मारणारा चिखल होतो, आणि मातीनं जे करायचं ते होत नाही. आज नारळ, उद्या पेरू, परवा शेवगा असं आळीपाळीनं सोडा. आळ्यात पालापाचोळा टाका, म्हणजे पाणी उघड्यावर दिसणार नाही आणि डासही होणार नाहीत. कुंड्यांना हे पाणी घालू नका, त्यात साबणाचे क्षार साचत जातात.

क्षारांचा मुद्दा जंतूंपेक्षा कमी भीतीदायक वाटतो, पण आपल्या भागात तो आधी त्रास देईल. कपड्यांच्या पावडरीत सोडियमचे क्षार भरपूर असतात. खानापूरकडची तांबडी जमीन पाणी पटकन जिरवते, पहिल्या मोठ्या पावसात क्षार धुऊनही जातात. अथणी, रायबाग, गोकाककडच्या काळ्या जमिनीत मात्र सोडियम साठला की माती चिकट होते, पाणी वरच तुंबतं. कृष्णाकाठच्या ऊसवाल्यांना चोपण जमीन म्हणजे काय ते सांगायला नको. तिकडे अंघोळीचं पाणी झाडाला द्या, कपड्यांचं पहिलं पाणी संडासात ओता.

“आजीपासून परसात अळू आहे, कुणाला काय झालं?”

खरं आहे. न्हाणीच्या तोंडाशी अळू, कर्दळ आणि केळ ही आपली जुनी सांडपाणी-योजना आहे आणि तत्त्वानं अगदी बरोबर आहे. पाणी साठत नाही, थेट मुळांत जातं, रुंद पानांची झाडं ते भराभर पितात. पण आजीच्या काळी अंगाला लावायला डाळीचं पीठ आणि केसांना शिकेकाई होती, भांड्यांना राख होती. तांदळाचं धुवण आणि खरकटं पाणी मोरीत न जाता म्हशीच्या घमेल्यात जायचं. आणि घराघरांत अर्धवट संपवलेल्या अँटिबायोटिकच्या स्ट्रिप नव्हत्या. आज तुमच्या फ्रिजवरच्या डब्यात किती आहेत, बघा. अळू तेच, जागा तीच. पाणी मात्र बदललं.

भाजीला घालावं का?

जी भाजी शिजवून खायची आणि जी जमिनीपासून वर लागते, तिच्या मुळाशी घालायला हरकत नाही. शेवगा, वांगी, मांडवावरचा दोडका, पडवळ. अळूही शिजवल्याशिवाय कुणी खात नाही. कोथिंबीर, पुदिना, मुळा, गाजर, कांद्याची पात, म्हणजे कच्चं खाल्लं जाणारं किंवा मातीला टेकलेलं काही असेल, तर नको. पानांवर ओतू नका, झारीनं शिंपडू नका. काढणीच्या आधी काही दिवस हे पाणी बंद करा. कोरड्या उन्हात पानाफळांवरचे जंतू दिवसागणिक झपाट्यानं कमी होतात. नळाच्या पाण्यानं धुतल्यावर उरलेल्यांतले साधारण नऊ-दशांश जातात, शिजवल्यावर जवळपास सगळेच. भाजी घरापुरती असेल तर एवढं पुरे. पण आपल्याकडचा बराच भाजीपाला रोज गोव्याच्या बाजारात जातो. विकायच्या मळ्याला घरचं सांडपाणी सोडू नका. तुम्ही काय जपलं आणि काय नाही, हे मडगावात सॅलड चिरणाऱ्याला कळणार नसतं.

उन्हाळ्यात अथणीकडे कूलरशिवाय झोप लागत नाही, म्हणून हे मुद्दाम: कूलरमध्ये, फवाऱ्यात किंवा गाडी धुण्याच्या प्रेशर पाइपात सांडपाणी कधीच घालू नका. बारीक तुषार थेट फुप्फुसात जातात. बादलीनं हे पाणी वाहणाऱ्यांनी पायाला जखम असेल तर चप्पल घालावी आणि नंतर हात धुवावेत. याहून जास्त सोवळं पाळायची गरज नाही.

शोषखड्डा आणि मागची विहीर

परस नसेल तर शोषखड्डा, पंचायतीच्या कानडी फलकावर ज्याला इंगुगुंडी लिहिलेलं असतं तोच. २०२१ च्या ‘सुजलाम’ मोहिमेत देशभर शंभर दिवसांत दहा लाख शोषखड्डे खणायचं ठरलं होतं. खड्डा साधाच असतो. चार फूट लांब-रुंद, तेवढाच खोल, दगडगोट्यांनी भरलेला. आधी एक लहान चेंबर ठेवून त्यात केस, धागे, तेल अडवलं नाही तर वर्षा-दोन वर्षांत तो भरून वर येतो.

मात्र बेळगाव हे विहिरींचं गाव आहे. १९२४ च्या अधिवेशनासाठी खणलेली काँग्रेस विहीर सगळ्यांना माहीत आहे, पण जुन्या वाड्यांच्या, शहापूर-वडगावच्या घरांच्या मागेही अजून विहिरी आहेत, आणि नळ आला नाही की त्याच उपयोगी पडतात. आळ्यात सोडलेलं पाणी वरच्या जिवंत मातीतून गाळून जातं. शोषखड्ड्यातलं पाणी त्या थराला बगल देऊन खाली उतरतं. म्हणून खड्डा विहिरीपासून किमान तीस-पस्तीस फुटांवर हवा. जांभ्या दगडातून पाणी भेगांनी पळतं, तिथे त्याहूनही लांब. तुमच्या आवारात तेवढी जागा नसेल तर शोषखड्डा खणूच नका, शेजाऱ्याची विहीर आठवा.

खरा धोका मोरीत की नाल्यात?

नाल्यात, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होत होतं आणि त्यातल्या २०,२३६ दशलक्ष लिटरवर प्रक्रिया होत होती. बाकीचं नदी-नाल्यांत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्लीत रस्त्याकडेला साचलेल्या आणि झिरपलेल्या पाण्याचे १७१ नमुने तपासले, तेव्हा ५१ मध्ये एनडीएम-१ सापडलं. दवाखान्यातली सर्वांत मोठी समजली जाणारी औषधं तोडून टाकणाऱ्या रसायनाचं हे जनुक. नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोन नमुन्यांतही ते होतं.

बेळगावात बळ्ळारी नाला शहराचं सांडपाणी घेऊन वडगाव, शहापूरच्या शिवारातून जातो. पावसात तोच फुगून भातात शिरतो. अशा पाण्यात संडास, दवाखाने, कत्तलखाने, गोठे, मेडिकलमधून घेतलेल्या पॉवरच्या गोळ्या, सगळं शेवटी एकत्र येतं. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे दवाखान्यांनी आपलं द्रवरूप सांडपाणी निर्जंतुक करूनच बाहेर सोडायचं असतं. आपल्या वॉर्डात तसं होतं का, हा प्रश्न नगरसेवकाला विचारण्याजोगा आहे.

मग एकट्या घरानं न्हाणीचं पाणी वेगळं केल्यानं काय साधतं? नाल्यात जाणारं पाणी कमी होतं आणि शुद्धीकरण केंद्रावरचा भार हलका होतो. आणि तुलनेनं स्वच्छ असलेलं पाणी त्या गर्दीत मिसळायच्या आधीच मातीत मुरतं. प्रतिरोधाच्या लढाईत मोठा वाटा मात्र मेडिकलच्या काउंटरवरच आहे. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागायचं नाही, दुकानदारानंही द्यायचं नाही. २०१४ पासून अनेक मोठी अँटिबायोटिकं एच-१ यादीत आहेत, त्यांची विक्री वहीत नोंदवावी लागते. पाकिटावरची उभी लाल रेघ बघत जा, ती याचसाठी असते.

पावसाळ्यात काय?

जून ते सप्टेंबर हे सगळं बंद ठेवा. कणकुंबी-जांबोटीकडे त्या दिवसांत माती पाण्यानं गच्च असते, तिच्यात आणखी सांडपाणी सोडलं तर ते जिरत नाही, वर येतं आणि वाहत विहिरीकडे जातं. अथणी-कागवाडकडे पाऊस कमी, तिथे दोन पावसांच्या मध्ये आठवडाभर कोरडं गेलं तर चालू करता येईल. त्यासाठी न्हाणीच्या पाइपाला बाहेर एक टी आणि दोन व्हॉल्व बसवून घ्या, एक परसाकडे, एक गटाराकडे. घरात कुणी आजारी पडलं, बाळंतीण आली, पाहुणे जमून चिकनचा बेत झाला, की परसाकडचा व्हॉल्व बंद. प्लंबरला हे काम अर्ध्या दिवसाचं. तो न्हाणीचा पाइप फोडेल तेव्हा आतली बुळबुळही एकदा काढून घ्या.